कॉलेजातले पहिले शंभर दिवस

(२०२५ च्या गणेशोत्सवात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेक पालकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



प्रथम सर्व गुणवंतांचे मनापासून अभिनंदन. खरे सांगायचे तर या व्यासपीठावर उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो आहे. मी काही प्राध्यापक नाही, पदवीधरही नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला, परीक्षा देऊन रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे रुळांची देखभाल करतो आहे. विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. त्यामुळे कार्यवाह जेव्हा घरी येऊन म्हणाले, "यंदा मुलांना दोन शब्द तुम्ही सांगा," तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. पण सौ. आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आपल्या पोरीच्या वेळी जे झालं तेवढंच सांगा. पुष्कळ झालं." म्हणून उभा आहे. करिअर कसे निवडावे, अभ्यास कसा करावा, हे मी सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. मी सांगणार आहे ते पहिल्या तीन-चार महिन्यांविषयी, आणि त्या दिवसांत अडचण आली तर कुणाचे दार ठोठवायचे त्याविषयी.

सुरुवात माझ्यापासून करतो. साल १९९६. दहावी झाल्यावर महाराष्ट्रातल्या एका पॉलिटेक्निकला मला प्रवेश मिळाला. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघे होतो. त्यातला एक मुलगा अगदी लहान गावातून आलेला होता. मराठी माध्यमातला, गणितात हुशार, शाळेत पहिला आलेला. सोबत एक हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक. वर्गात सगळे इंग्रजीत चालायचे. अप्लाइड मेकॅनिक्सचा तास झाला की तो वही मिटून गप्प बसायचा. जेवायला यायचा, पण कुणाशी बोलायचा नाही. रात्री दिवा घालवल्यावरही तो जागा आहे हे मला कळायचे. मी म्हणायचो, असेल घरची आठवण येत. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचे, पण ते मी तरी कुणाला सांगत होतो?

दिवाळीच्या सुट्टीला तो घरी गेला आणि परत आलाच नाही. डिसेंबरात त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. डोक्याला पटका, हातात पिशवी. त्यांनी ट्रंक उचलली, खाली ठेवली आणि मला विचारले, "तुम्ही त्याच्या खोलीतले ना? काय झालं होतं हो त्याला? घरी काही बोलत नाही."

मित्रांनो, मला उत्तर देता आले नाही. कारण त्याला काय झाले होते हे मी कधी विचारलेच नव्हते. चार महिने एका खोलीत राहिलो, पण विचारले नाही. मास्तरांनी विचारले नाही, रेक्टरनी विचारले नाही. कुणी त्याला त्रास दिला असे नव्हे, कुणी वाईट वागले असेही नव्हे. विचारायचे काम कुणाचेच नव्हते, एवढेच. वर्गप्रतिनिधी होता, पण तो गॅदरिंगची वर्गणी गोळा करायला. आज एकोणतीस वर्षे झाली, तो मुलगा कुठे आहे मला माहीत नाही. ट्रंकेचा रंग मात्र लक्षात आहे.

आता पुढची गोष्ट. ती माझ्या मुलीची.

२०२३ साली तिची सीयूईटी झाली आणि दिल्लीतल्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. झाशीहून दिल्ली म्हणजे चारशे किलोमीटर. आपल्या रेल्वेवाल्यांना ते अंतर वाटत नाही. पण अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा घराबाहेर निघते तेव्हा तेच चारशे किलोमीटर फार लांब होतात. तिला सोडायला गेलो तेव्हा कॉलेजच्या फाटकाशीच मांडव घातलेला. टेबल-खुर्च्या, चार-पाच मुले-मुली, वर फलक लावलेला : नव्या विद्यार्थ्यांसाठी मदत केंद्र. छात्रसंघाची मुले होती. एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "अंकल, फॉर्म में कोई दिक्कत हो तो बताइए." मी हात जोडले आणि मुलीला बाजूला घेऊन म्हणालो, "हे बघ, या युनियनवाल्यांपासून चार हात लांब राहायचं. आपण शिकायला आलोय."

तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला युनियनचा चंदा कापलेला असतो ना?"

मी म्हणालो, "ते वेगळं."

काय वेगळे, ते मात्र मला तिथे सांगता आले नाही. माझी नोकरी लागून पाच-सहा वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट सांगतो. एका नोंदवहीत माझ्याकडून एक नोंद राहून गेली आणि मला चार्जशीट मिळाली. चूक माझीच होती, पण कागदात ती होती त्यापेक्षा मोठी दिसत होती. चार रात्री झोप नाही. तेव्हा युनियनचे एक जुने पदाधिकारी, निवृत्तीला आलेले, माझ्याजवळ बसले. म्हणाले, "घाबरू नको. आधी तारखा लिही. मग काय घडलं ते लिही. मग त्याचे कागद जोड. रागाचा एक शब्द लिहू नको." चौकशीत ते माझे डिफेन्स हेल्पर म्हणून बसले. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत ती सोय आहे, इथले सहकारी जाणतात. शिक्षा झाली, पण चुकीएवढीच झाली. त्या माणसाने माझ्यासाठी ना घोषणा दिली ना झेंडा लावला. नियम कुठला, कागद कुठला आणि कुणापुढे ठेवायचा, एवढे सांगितले आणि शेजारी बसून राहिला.

हे सगळे ज्याने अनुभवले, तोच मी कॉलेजच्या फाटकाशी मुलीला सांगत होतो की युनियनवाल्यांपासून लांब राहा.

पुढे ऑक्टोबरात तिला डेंग्यू झाला. दिल्लीत त्या दिवसांत डेंग्यू नवा नाही. दोन दिवस तिने आम्हाला कळवलेच नाही, उगाच काळजी करतील म्हणून. तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीतल्या मुलीचा फोन आला. मी रात्रीच्या गाडीने गेलो. तिथे इस्पितळात चार दिवस, मग इकडे आणली. प्लेटलेट्स वर यायला आणि अंगात ताकद यायला तीन आठवडे गेले. परत गेली, अभ्यास भरून काढू लागली. आम्हाला वाटले, संकट टळले.

डिसेंबरात कॉलेजच्या फलकावर यादी लागली. हजेरी कमी असल्यामुळे ज्यांना परीक्षेला बसता येणार नाही त्यांची. त्यात हिचे नाव. दोन तृतीयांश हजेरी लागते, हिची थोडी कमी भरत होती. आजारपणाचे प्रमाणपत्र तिने खिडकीवर दिले होते, पण त्याची पोच घेतली नव्हती. ते कुठे गेले, कुणास ठाऊक. फोनवर रडू आवरेना. "बाबा, माझं वर्ष जाणार."

आता तुमच्यातले बरेच जण जे करतील तेच मी केले. आधी ओळख शोधू लागलो. दिल्लीत आपला कोण आहे, कुणाचा मेहुणा कुठे आहे. सहा-सात फोन केले. मग रजा टाकून गाडीत बसलो. कॉलेजच्या खिडकीवर दोन दिवस उभा राहिलो. "कल आइए." तो माणूसही काही वाईट नव्हता, त्याच्यापुढे तशी पन्नास प्रकरणे होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कट्ट्यावर बसलो होतो. मुलगी एका मुलाला घेऊन आली. कॉलेजच्या छात्रसंघाचा पदाधिकारी. बिहारचा, वीसेक वर्षांचा, पायांत चपला, खांद्याला झोळी. मी तयारीत होतो, आता हा घेराव घालू म्हणणार. त्याने झोळीतून फाइल काढली आणि विचारले, "अंकल, कागज क्या-क्या हैं?"

इस्पितळातून सुटल्याचा कागद, रक्ताच्या तपासणीचे रिपोर्ट, डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि आम्ही दोघे झाशीला आलो त्या प्रवासाचा कागद. सगळे होते, पण तीन वेगवेगळ्या पिशव्यांत. त्याने ते तारखेप्रमाणे लावले. सांगितले, आजारपणामुळे गेलेल्या हजेरीचा विचार करण्याची तरतूद आहे, पण अर्ज प्राचार्यांच्या नावे पाहिजे, आणि त्याची एक प्रत तक्रार निवारण समितीला पाहिजे. तिथेच बसून अर्ज लिहिला. एक पान, अकरा ओळी. मला माझ्या डिफेन्स हेल्परची आठवण झाली. तेच तंत्र : तारीख, घटना, कागद, आणि रागाचा शब्द नाही.

मग त्याने सांगितले की यादीत आजारपणाची अशी एकूण अकरा मुले आहेत. एकेकाने जाण्यापेक्षा सगळ्यांचे अर्ज एकदम देऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जण त्याच्याबरोबर आत गेले. अर्ज दिले आणि प्रत्येकाने आपल्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. मी बाहेर उभा होतो. मला आत जायची गरजच पडली नाही.

दहा दिवसांनी निकाल कळला. अकरापैकी सात जणांना परीक्षेला बसू दिले, त्यात ही होती. चौघांना नाही. त्यांच्यापाशी कागद नव्हते, किंवा हजेरी फारच कमी होती. छात्रसंघाने सगळ्यांना सोडवले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. तो मुलगाच मला म्हणाला होता, "अंकल, जिसका हक बनता है उसी के लिए लड़ सकते हैं." आणि त्याने मुलीला त्यानंतर एकदाही विचारले नाही की मत कुणाला देणार.

आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत फाटकाशी टेबल लागते, त्यावर दोन-तीन दिवस तीही बसते. मराठी मुलगा-मुलगी आली तर मराठीत बोलते. मी तिला एवढेच विचारतो, "जेवलीस का?"

तर मित्रांनो, या अनुभवावरून मला जे कळले आणि नंतर विचारून, वाचून जे नक्की केले ते तुम्हाला सांगतो. पहिली गोष्ट, छात्रसंघ म्हणजे काय. ती आपल्या रेल्वेसारखी कामगार संघटना नव्हे. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, आणि त्यांनी कॉलेजपुढे विद्यार्थ्यांचे म्हणणे मांडायचे, असे त्याचे रूप. कित्येक ठिकाणी तुमच्या फीच्या पावतीवर त्याच्या नावाने लहानशी रक्कम असते. म्हणजे मदत मागणे हा उपकार नव्हे, तुम्ही त्याचे सभासदच आहात.

दुसरी गोष्ट, सगळीकडे छात्रसंघ नसतो. आपल्या उत्तर प्रदेशातल्या कित्येक विद्यापीठांत आता निवडणुका होत नाहीत. महाराष्ट्रातही १९९० च्या दशकात खुल्या निवडणुका थांबल्या, २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद झाली. तिथे विद्यार्थी परिषद म्हणतात. तुम्ही पुण्याला जा, दिल्लीला जा, की घरी राहून आपल्या बुंदेलखंड विद्यापीठात शिका. पहिल्या आठवड्यात एवढे विचारून घ्या : इथे छात्रसंघ किंवा परिषद आहे का, बसते कुठे, आणि नसेल तर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कोण, विद्यार्थी कल्याणाचे काम कोणत्या सरांकडे आहे. नाव लिहून ठेवा. आमच्याकडे पावसाळ्याआधी कोणत्या पुलापाशी पाणी चढते याची यादी करतात, पाणी चढल्यावर करत नाहीत.

तिसरी गोष्ट, छात्रसंघ असो वा नसो, काही हक्क तुमचे आहेतच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्या बैठकीला विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. तक्रार मिळाल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते.

रॅगिंगविषयी आयोगाचे २००९ चे नियम आहेत. मुलांना आणि पालकांना दरवर्षी प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते. ते नुसते सही करून सोडू नका, वाचा. चोवीस तास चालणारा फोन आहे, १८००-१८०-५५२२. आता सगळ्यांनी मोबाइल काढून हा नंबर टिपून घ्या. मी थांबतो.

मुलींसाठी, छळाची तक्रार ऐकायला प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. २०१३ चा कायदा आणि त्यावरचे आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते, म्हणून गप्प बसून दिवस घालवू नका.

मूळ प्रमाणपत्रे कॉलेजने ठेवून घ्यायची नसतात, पाहून परत द्यायची असतात. २०१८ साली आयोगाने तसे स्पष्ट सांगितले आहे. मन फारच खचले, झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असे झाले तर सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. हाही टिपून घ्या. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ताप आल्यावर डॉक्टरकडे जायला आपण लाजतो का?

आणि एक आपल्या घरची गोष्ट. कोविडच्या वेळी, मार्च २०२० मध्ये, रेल्वेच्या बऱ्याच सवलती बंद झाल्या, पण विद्यार्थ्यांची चालू राहिली. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलाला सुट्टीत आपल्या गावी जायला सेकंड आणि स्लीपरच्या भाड्यात ५० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत आहे. त्याचा फॉर्म कॉलेजातून सही-शिक्क्यानिशी मिळतो आणि तिकीट खिडकीवर काढावे लागते. रेल्वेवाल्यांच्या मुलांना पास असतो, पण इथे बसलेले सगळे काही रेल्वेत नाहीत. किती मुलांना ही सवलत ठाऊकच नसते! माझ्या मुलीच्या कॉलेजात हे फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतात हे सांगणारा कागद छात्रसंघानेच लावला होता.

आता दुसरी बाजू. मी केवळ गोडच सांगितले तर पालक म्हणतील, हे साहेब निवडणुकीला उभे राहणार दिसतात. छात्रसंघात भांडणे होतात, पैसा चालतो, मोठे पक्ष मागे असतात, हे सगळे खरे आहे. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली आणि २००६ पासून तिच्या शिफारशी लागू झाल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या वर नको, छापील पोस्टर नको, अभ्यासात विषय राहिलेला नको, हजेरी पुरी हवी, पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहता येईल. कागदावर किती चांगले! पण २०२४ साली दिल्ली विद्यापीठाच्या निवडणुकीत भिंती, मेट्रोचे खांब इतके रंगवले गेले की उच्च न्यायालयाने मतमोजणीच थांबवली. सप्टेंबरात मतदान झाले आणि निकाल लागला नोव्हेंबरच्या शेवटी, तोही भिंती साफ झाल्यावर.

म्हणून माझे सांगणे असे. मदत घ्यायला कमीपणा मानू नका, पण मदतीच्या बदल्यात कुणी तुम्हाला बांधू पाहत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. जो तुमची अडचण ऐकून आधी कागद मागतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. जो आधी तुम्हाला मोर्चात बोलावतो, त्याला म्हणा, दादा, माझा तास आहे. तुमची अडचण एका पानावर लिहायला शिका. जे द्याल त्याची पोच घ्या. आमच्या पोरीचे वर्ष जाता जाता वाचले ते एका शिक्क्याच्या अभावी जाणार होते. आणि तुम्हाला मदत मिळाली तर पुढच्या वर्षी त्या टेबलावर जाऊन बसा. नवे पोर आले की त्याला पाणी विचारा, नाव विचारा.

पालकांना हात जोडून एक विनंती. मुलांना निरोप देताना आपण म्हणतो, "कुणाच्या भानगडीत पडू नकोस." त्यामागे आपले प्रेम असते. पण मुलाला त्यातून काय ऐकू येते? की अडचण आली तरी कुणाला सांगू नकोस. माझी मुलगी दोन दिवस तापाने फणफणत होती आणि तिने कळवले नाही, त्यात माझा वाटा आहे. त्याऐवजी म्हणू या, "अडलंस तर सांग. आम्हाला सांग, आणि तिथे ज्याला सांगायचं त्यालाही सांग." आणि आपण मुलांसाठी ओळखी शोधत फिरतो, ते जरा कमी करू या. ओळखीने काम झाले तर मूल ओळख शोधायला शिकते. नियमाने काम झाले तर ते पुढे दुसऱ्यालाही मदत करू शकते.

आपल्या मंडळालाही एक सूचना करतो, अध्यक्षांनी रागावू नये. आपण इथे परमुलखात येऊन राहिलो. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी राणीसाहेबांच्या काळापासून इथे आहेत, कुणी माझ्यासारखे झेलम एक्सप्रेसने परवा-परवा आलेले. नव्या माणसाला घर शोधून देणे, मुलांच्या शाळेचे पाहणे, आजारपणात डबा पोहोचवणे, हे या मंडळाने वर्षानुवर्षे केले. मी नवीन आलो तेव्हा पहिल्या महिन्यात मला जेवायला बोलावणारे काका आज समोर बसले आहेत. छात्रसंघाचे चांगले काम याहून वेगळे काय असते? तेव्हा आपण एक वही करू या. कोणते मूल कोणत्या शहरात, कोणत्या कॉलेजात आहे, आणि तिथे आधीपासून असलेले आपले मूल कोण. नव्याने जाणाऱ्याला जुन्याचा नंबर द्यायचा, आणि जुन्याने महिन्यातून एकदा फोन करून विचारायचे, "कसं चाललंय?" खर्च एका वहीचा. ती वही सांभाळायला मी तयार आहे.

शेवटी पुन्हा त्या हिरव्या ट्रंकेपाशी येतो. त्या वडिलांनी मला जे विचारले त्याचे उत्तर मी आजही देऊ शकत नाही. पण आज समोर बसलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकाच्या खोलीत, शेजारच्या बाकावर, एखादा असा मुलगा किंवा मुलगी असेल, वही मिटून गप्प बसलेली. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल. तुम्ही असाल तर सांगा. दुसरे कुणी असेल तर विचारा. छात्रसंघ असेल तिथे त्याच्यापर्यंत घेऊन जा, नसेल तिथे तुम्ही दोघे-तिघे मिळूनच छात्रसंघ व्हा.

आरतीची वेळ झाली आहे, आणि मागे प्रसादाची पातेली आली आहेत हे मला दिसते आहे.  विघ्नहर्ता तुम्हा सर्वांच्या वाटेतली विघ्ने दूर करो. आणि जी राहतील ती दूर करायला एकमेकांचा हात धरण्याची बुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!

— मंडळाचे एक सभासद, सीनियर सेक्शन इंजिनियर (रेलपथ), झाशी